टीबी माणसाला होतो की पत्त्याला?

मुक्काम_पोस्ट | सोमवार, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी,

दिवाळीपासून आमच्या घरात एकाच विषयाचा काथ्याकूट चाललाय. म्हटलं इथल्या जाणकारांना विचारावं.

आम्ही डोंबिवलीला भाड्याने राहतो, नोकऱ्या दोघांच्याही चेंबूरला. बायको घरी आल्यावर तासभर कुणाशी बोलत नाही, इतका लोकलने जीव खाल्लाय. म्हणून गोवंडी-मानखुर्द पट्ट्यात (पालिकेचा एम पूर्व वॉर्ड) घर बघतोय. बजेटात बसणारं एक सापडलं: पुनर्वसनाच्या इमारतीतला रीसेलचा फ्लॅट, विक्रीवरच्या बंदीची मुदत उलटलेली, कागदपत्रं ठीक, दुसरा मजला.

सासूबाईंनी मोडता घातला. "एम पूर्व वॉर्ड म्हणजे टीबीचं माहेरघर. तीन वर्षांची पोर घेऊन तिकडे जायचं नाही." मेहुणा म्हणतो, ज्याच्या अंगात ताकद नाही त्यालाच टीबी होतो, नीट खाल्लं-प्यायलं की कुठेही राहा. माझं म्हणणं एवढंच की लोकलमध्ये माझ्या मानेवर जो खोकतो तो कुठल्या वॉर्डातला हे मी विचारत नाही, मग घर घेतानाच वॉर्ड का बघायचा?

तर प्रश्न असा: टीबीचा धोका माणसावर ठरतो की पत्त्यावर? अनुभव, आकडे, शिव्या, सगळं चालेल. घराच्या भावाबद्दल सल्ला नको, तो भरपूर मिळालाय.

काडेपेटी | सोमवार, रात्री ९.५१

मुंबईत घर घेणाऱ्याला टीबी होत नाही, बीपी होतं. पुढचा प्रश्न.

छातीठोक | सोमवार, रात्री १०.३०

व्यवसायाने छातीचा डॉक्टर, म्हणून आयडी असा. सासूबाई आणि मेहुणा दोघंही अर्धं बरोबर बोलतायत, आणि दोन्ही अर्धी वेगवेगळी आहेत.

टीबीचे दोन टप्पे असतात. जंतू फुप्फुसात शिरणं हा पहिला. त्यातून आजार उभा राहणं हा दुसरा. पहिला टप्पा बहुतेक हवेवर ठरतो: फुप्फुसाचा टीबी असलेल्या माणसासोबत एकाच कोंदट जागेत तुम्ही किती तास श्वास घेता. जगातल्या साधारण पाव लोकांच्या शरीरात हा जंतू शिरलेला आहे असं मानतात. त्यातल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो, आणि तोही बहुधा लागण झाल्यापासून पहिल्या दोनेक वर्षांत. बाकीच्यांमध्ये जंतू निपचित पडून राहतो.

दुसरा टप्पा शरीरावर. वजन कमी असणं, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू, दारू, स्टिरॉइडसारखी औषधं, मूत्रपिंडाचा आजार, दगडाच्या धुळीचं काम. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये लागणीवरून आजारावर जायचं प्रमाण खूप जास्त. जन्मल्यावर देतात ती बीसीजी लस त्यांना मेंदूच्या टीबीसारख्या भयंकर प्रकारांपासून चांगलं वाचवते, पण मोठेपणी फुप्फुसाचा टीबी ती फारसा अडवत नाही.

जाता जाता: ताट, वाटी, टॉवेल, चादर यांतून टीबी पसरत नाही. लोक पेशंटचं ताट वेगळं ठेवतात आणि खिडकी बंद ठेवतात. उलटं करा.

लोअरपरळकर | सोमवार, रात्री ११.०५

पत्त्याबित्त्यावर काही नसतं हो. मी बीडीडी चाळीत वाढलो. १६० चौरस फुटांची खोली, आम्ही नऊ माणसं, वर गावाहून आलेला पाहुणा कायमचाच. अख्ख्या मजल्यावर कुणाला टीबी झाला नाही. दार सताड उघडं असायचं, रात्री निम्मे पुरुष गॅलरीत झोपायचे. हल्लीच्या बंद दारांच्या फ्लॅटमध्येच आजार.

सुरंगी | सोमवार, रात्री ११.२०

@लोअरपरळकर दादा, झाला नाही की सांगितला नाही? माझे मामा डिलाईल रोडला होते, गिरणीत. मामा खोकायला लागले तसं त्यांना "हवापालटासाठी" गावी धाडलं, देवगडकडे. चाळीत कुणाला कळलं नाही. गावी मात्र सगळ्यांना कळलं, कारण मागोमाग मामी आणि थोरली मुलगी खोकायला लागली.

पण दार उघडं असायचं हे तुमचं बरोबर. त्याबद्दल उद्या सविस्तर लिहिते, आत्ता डोळे मिटतायत.

लोअरपरळकर | सोमवार, रात्री ११.२८

ताई, आता आठवायला लागलं तर दोन-तीन जण असे "गावी गेलेले" आमच्याही मजल्यावर निघतील. झोपतो.

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ८.१५

वॉर्डवार यादी बघून घाबरण्याआधी ती कशी तयार होते ते बघा.

मुंबईत वर्षाला साठ हजारांच्या आसपास टीबी रुग्णांची नोंद होते. २०१२ पासून खाजगी डॉक्टरांनाही नोंद करणं सक्तीचं आहे. पण नोंद म्हणजे सापडलेला रुग्ण. जिथे आरोग्य सेविका दार वाजवत फिरतात, तपासणीचं मशीन जवळ आहे, शिबिरं होतात, तिथे रुग्ण जास्त सापडतात. जिथे सोसायटीचा वॉचमन सेविकेला गेटवरच अडवतो, तिथे आकडा कमी आणि लोक खूश. वर शिवडीसारखं अख्ख्या राज्यातून पेशंट येणारं मोठं क्षयरोग रुग्णालय ज्या वॉर्डात आहे, तिथे पत्ता कुठला लिहिला यावरसुद्धा आकडा हलतो. पेशंट कधी नातेवाइकाचा पत्ता देतो, कधी जिथे भाड्याने राहत होता तो.

शिवाय २०१९ ते २०२१ दरम्यान देशभर घरोघरी जाऊन जी राष्ट्रीय पाहणी झाली तिच्यात लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेलेले नव्हते. आणि सापडलेल्या रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त असे होते की छातीचा एक्सरे काढला नसता तर निसटले असते. म्हणजे खोकलासुद्धा नाही. असा माणूस तुमच्या डोंबिवली लोकलमध्येही आहे आणि बीकेसीच्या काचेच्या इमारतीतही.

सारांश: वॉर्डाचा आकडा म्हणजे तुमच्या पोरीचा धोका नव्हे.

नकाशा_वेडा | मंगळवार, सकाळी ९.५०

@आकडेमोड, नोंदीबद्दल सहमत, निष्कर्षाबद्दल नाही. वॉर्ड सोडा, इमारत बघा. तिथे गोष्ट बदलते.

गोवंडी-मानखुर्दच्याच तीन पुनर्वसन वसाहतींची तुलना केलेला अभ्यास २०१८ च्या सुमारास बाहेर आला आणि बराच गाजला: लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी. तिन्ही एकाच वॉर्डात, लोकही साधारण त्याच परिस्थितीतले. पहिल्या दोन ठिकाणी इमारती एकमेकींना चिकटून, मधे जेमतेम तीन मीटर. रेल्वेरूळ आणि रस्त्यांच्या कडेची वस्ती हलवून तिथे बसवली. पीएमजीपीत मात्र इमारती सुट्या-सुट्या. टीबीचं प्रमाण पहिल्या दोन ठिकाणी कितीतरी जास्त निघालं, आणि खालच्या मजल्यांची अवस्था वाईट, कारण तिथे ना ऊन पोचतं ना वारा.

आता जुनी गंमत. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९८ ला सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टने इमारतींना साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावला. खोलीच्या भिंतीच्या पायापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली तर तिचा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त चढा नको. सोप्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मधे हवी. सात मजल्यांची इमारत वीस-एकवीस मीटर धरा. मधे दहा मीटर पाहिजेत. आपण दिले तीन. ब्रिटिशांनी प्लेगच्या धास्तीने जे केलं ते आपण शंभर वर्षांनी पुनर्वसनाच्या योजनांत सूट म्हणून काढून टाकलं, आणि वर म्हणतो की लोकांना पक्की घरं दिली.

मुक्काम_पोस्ट, "दुसरा मजला" वाचून मला सासूबाई पटायला लागल्या.

फोडणी | मंगळवार, सकाळी १०.०२

सासूबाई पटल्या! स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुन्हा होणे नाही.

सुरंगी | मंगळवार, दुपारी २.४०

रात्री म्हटलं होतं ते लिहिते. मी पालिकेच्या हेल्थ पोस्टवर आरोग्य सेविका होते, निवृत्त झाले. याच पट्ट्यात फिरले.

अशा इमारतीत पहिल्यांदा शिरलं की काही दिसतच नाही. भर दुपारी बाराला जिन्यात मोबाइलचा टॉर्च लावून चढायचं. मधला कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना दारं, कॉरिडॉरच्या टोकाला जी जाळी असते तिच्यावर कुणाचं तरी कपाट नाहीतर मोडकी सायकल उभी. ट्यूबलाइट चोवीस तास. घरात शिरलं की एकच खिडकी, ती बंद आणि वरून प्लास्टिक ठोकलेलं. मी नवी होते तेव्हा सगळ्यांना सांगायचे, "ताई, खिडकी उघडी ठेवा." एका बाईने माझा हात धरून खिडकीपाशी नेलं आणि उघडून दाखवली. दोन इमारतींच्या मधल्या बोळात पहिल्या मजल्याच्या कमरेपर्यंत कचरा. वरच्या मजल्यांवरून पिशव्या येतात, डायपर येतात, फुटलेल्या पाइपाचं पाणी येतं, घुशी तर मांजराएवढ्या. बाई म्हणाली, "आता सांगा, उघडी ठेवू?" त्यानंतर मी ते वाक्य बोलायचं सोडलं.

नकाशावर तीन मीटर दिसतात. त्या तीन मीटरांत कचरा उचलायला कोण जाणार हे ठरलेलं नसेल तर तीन मीटरही नाहीत असं समजा. @नकाशा_वेडा भाऊ, तुमच्या रेघेत हे बसत नाही.

त्यात बायकांचे तास मोजा. नवरा कामाला बाहेर, पोरं शाळेत, बाई त्याच खोलीत स्वयंपाक, जरीकाम, उदबत्त्या वळणं. आमच्या यादीत तरुण मुली आणि बायका खूप असायच्या. घरात दूध-अंडं आधी कुणाच्या ताटात जातं ते सांगायला नको.

नकाशा_वेडा | मंगळवार, दुपारी ३.१५

ताई, हा प्रतिसाद आमच्या ऑफिसात प्रिंट काढून लावतो.

पाटलीण | मंगळवार, दुपारी ४.१०

सुरंगीताईंच्या शेवटच्या वाक्याला धरून. भारतात टीबीमागचं सगळ्यात मोठं एकच कारण कुठलं, तर कुपोषण. मधुमेह आणि तंबाखूची चर्चा जास्त होते, कारण ते डॉक्टरला कागदावर लिहिता येतं.

२०२३ मध्ये झारखंडच्या रेशन्स या अभ्यासाचे निकाल आले. टीबी रुग्णांच्या घरच्यांना दर महिन्याला धान्य, डाळ वगैरे दिली. एवढंच. त्या घरांमध्ये टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि पसरणारा जो फुप्फुसाचा प्रकार आहे तो ४८ टक्क्यांनी. कुठलं नवं औषध नाही, लस नाही, तूरडाळ!

सरकार उपचार चालू असताना खात्यात पैसे देतं, निक्षय पोषण योजना. एप्रिल २०१८ पासून महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केले. मुंबईत हजारात प्रोटीन किती येतं याचा हिशेब ज्याने त्याने करावा. शिवाय ते रुग्णाला मिळतात. घरातल्या बाकीच्या चौघांचं काय?

काडेपेटी | मंगळवार, दुपारी ४.१८

जिममधले लोक तीन-तीन हजारांचा डबा घेतात प्रोटीनचा. त्यांना टीबी होत नसेल.

छातीठोक | मंगळवार, संध्याकाळी ६.००

@काडेपेटी होतो. दंड बघण्यासारखे आणि एक्सरे बघवत नाही असे येतात. बेताल डाएट, रात्रभर जागरण, आणि काही जण गुपचूप स्टिरॉइड घेतात.

खरं_बोलतो | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

स्पष्ट बोलायला सगळे घाबरतात. बाहेरून येणारे लोंढे टीबी घेऊन येतात. ते थांबवा, टीबी थांबेल. एवढी साधी गोष्ट आहे.

सुरंगी | मंगळवार, संध्याकाळी ७.५५

@खरं_बोलतो, मी पाहिलं ते उलट. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा गावाहून धडधाकट येतो. जरीच्या कारखान्यात, बॅगा शिवायच्या माळ्यावर, नाहीतर बेकरीच्या पोटमाळ्यावर राहतो. तिथेच काम, तिथेच झोप, पंधरा जणांत एक झरोका. वर्ष-दीड वर्षाने खोकला, ताप, वजन निम्मं. मग मालक तिकीट काढून देतो. टीबी मुंबई देते, आणि गाडीत बसवून गावी पाठवते. आपले कोकणातले आणि घाटावरचे गिरणीकामगार याच वाटेने गेले की. माझ्या मामांचं वर लिहिलंच आहे.

आणि गावी गेला की गोळ्या तुटतात. इथला कागद तिथे पोचेपर्यंत महिना जायचा.

संपादक_मंडळ | मंगळवार, रात्री ८.०५

कुठल्याही समाजाबद्दल सरसकट विधानं नकोत. यावरचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

लोअरपरळकर | मंगळवार, रात्री ९.००

हवापालटावरून आठवलं. मिरजेला वानलेसवाडीचं सॅनेटोरियम होतं, आमच्या वडिलांच्या गिरणीतले लोक तिकडे जायचे. मोठमोठे व्हरांडे, खाटा बाहेर काढलेल्या. ती हवा खरंच लागू पडायची का?

छातीठोक | मंगळवार, रात्री ९.४०

औषधं नव्हती तेव्हा विश्रांती, खाणं आणि मोकळी हवा एवढंच हातात होतं. काही बरे व्हायचे, पुष्कळ नाही. १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने हा प्रश्न निकालात काढला. औषधं नीट घेतली तर गर्दीच्या घरात राहून बरा होणारा आणि सॅनेटोरियमचा यांत फरक उरत नाही. घरच्यांनाही जास्त लागण झाली नाही, कारण जी व्हायची ती निदानाआधीच होऊन गेलेली असते. घरी राहून उपचार घ्यायची पद्धत जगभर रुजली ती तिथून.

यातून आपल्या धाग्यापुरतं घेण्यासारखं: घातक असतो तो निदान *न* झालेला शेजारी. शेजारी रोज गोळ्या घेतोय हे कळलं तर काळजी कमी करा. साध्या टीबीत योग्य औषधं सुरू झाली की काही आठवड्यांत पसरवण्याची क्षमता खूपच घटते. निदानाला उशीर करण्यात आमच्या जमातीचाही हात आहे. गल्लीतला डॉक्टर आधी खोकल्याचं औषध, मग अँटिबायोटिक, मग आणखी तगडं अँटिबायोटिक देतो. त्यातली काही टीबीच्या जंतूला थोडी दाबतात, पेशंटला आठवडाभर बरं वाटतं, आणि निदान दोन महिने लांबतं.

मीनल_पार्ले | मंगळवार, रात्री ११.१५

गेले दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते.

मला टीबी झाला तेव्हा आम्ही पार्ल्यात होतो. स्वतःची खोली, दोन बाजूंनी खिडक्या, खाली बकुळीचं झाड. सीएच्या परीक्षेची तयारी, रात्री दोनपर्यंत जागरण, डब्याऐवजी चहा आणि बिस्किटं, आणि त्यात लग्नाआधी बारीक व्हायचं खूळ. मानेला गाठ आली. दुखत नव्हती म्हणून सोडून दिली. गाठीतून सुईने पाणी काढून तपासलं तेव्हा टीबी निघाला.

घरात पहिली प्रतिक्रिया काय असेल? सगळ्यांनी आमच्या कामवाल्या मावशींकडे बघितलं. त्या गोवंडीहून यायच्या. आईने त्यांना एक्सरे काढायला लावला. स्वच्छ होता. आम्हा बाकीच्यांचे एक्सरे काढावेत असं कुणालाच सुचलं नाही, ते डॉक्टरांनी सांगितल्यावर काढले. मला कुठून आला ते शेवटपर्यंत कळलं नाही. क्लासच्या एसी खोलीत आम्ही दीडशे जण बसायचो, खिडक्यांना आतून काळा कागद लावलेला. असू शकेल, नसूही शकेल.

मावशींनी काम सोडलं नाही, पण माझ्या आईशी त्या पुन्हा मोकळेपणाने बोलल्या नाहीत.

पहिल्या गोळीनंतर लघवी केशरी झाली तेव्हा मी घाबरून किंचाळले होते. रिफाम्पिसिनने होतं ते, कुणी आधी सांगत नाही. नव्या लोकांसाठी लिहून ठेवते. गाठीचा टीबी पसरतही नाही, तरी ठरलेलं लग्न लांबलं. का लांबलं ते दोन्हीकडच्यांनी कधी तोंडाने सांगितलं नाही.

फोडणी | मंगळवार, रात्री ११.३०

मीनल, लिहिलंस ते बरं केलंस. __/\__

अर्धा_कप | बुधवार, सकाळी ७.२०

अमिताभला केबीसीच्या वेळी, २००० साली मणक्याचा टीबी झाला होता, त्याने स्वतःच जाहीर सांगितलंय. पत्ता: जुहू. मजला: बंगला. @मुक्काम_पोस्ट, हे सासूबाईंना सांगून बघा.

आकडेमोड | बुधवार, सकाळी ८.३०

अर्धा_कप, एका अमिताभवरून वॉर्ड ठरत नाही, आणि एका एम पूर्ववरून अमिताभही. हेच तर सांगतोय कालपासून.

फोडणी | बुधवार, सकाळी ९.१५

मला लोकलचं सांगा कुणीतरी. एसी लोकलचा पास काढलाय मोठ्या हौसेने. साध्या डब्यात दारं-खिडक्या उघड्या, इथे सगळं बंद. पैसे देऊन टीबी विकत घेतला का मी?

छातीठोक | बुधवार, दुपारी १.१०

अवांतर, पण महत्त्वाचं. वेळ आणि हवा दोन्ही धरायचे. लोकलमध्ये तासभर, माणसं रोज वेगळी. घरात आठ-दहा तास, माणसं तीच. ऑफिसात आठ तास, माणसं तीच. त्यामुळे घर, कामाची जागा, हॉस्टेल, तुरुंग आधी आणि गाडी नंतर. उघड्या डब्यात गर्दी कितीही असली तरी वारा भरपूर असतो. बंद डब्यात बाहेरची हवा आत किती घेतली जाते यावर सगळं ठरतं. पेरूत लिमा शहरातल्या इस्पितळांमध्ये २००७ साली मोजणी झाली होती. जुन्या पद्धतीचे उंच छताचे, मोठ्या खिडक्यांचे वॉर्ड नव्या यांत्रिक हवेच्या खोल्यांपेक्षा सरस ठरले. आपल्या जुन्या सरकारी इस्पितळांचे व्हरांडे उगाच नव्हते. आता त्यांनाच अ‍ॅल्युमिनियमच्या काचा लावून एसी बसवतात.

पास वापरा. खोकणारा शेजारी असेल तर मास्क लावा.

गोडबोले_शुगर | बुधवार, दुपारी ३.३०

वडील टॅक्सी चालवायचे, मधुमेह वीस वर्षांचा. टीबी झाला तेव्हा आम्हाला वाटलं पॅसेंजरकडून आला. डॉक्टर म्हणाले, कुठून आला ते सोडा, आधी साखर बघा. तीनशेच्या वर होती. मधुमेह्याला टीबीचा धोका दोन-तीन पट, आणि साखर आवरली नाही तर औषधंही नीट काम करत नाहीत. टीबीच्या गोळ्या आम्ही कडक पाळल्या. जिलेबी मात्र ते गाडीच्या डॅशबोर्डमध्ये लपवायचे.

अर्धा_कप | बुधवार, दुपारी ३.४४

डॅशबोर्डमधली जिलेबी! काकांना दंडवत.

पाटलीण | बुधवार, संध्याकाळी ५.००

रेझिस्टंट टीबीबद्दल कुणी बोललं नाही अजून. मुंबईत राहण्याचा खरा भौगोलिक धोका तो आहे. इथे पहिल्यांदाच टीबी झालेल्यालाही औषधांना न जुमानणारा जंतू लागलेला असू शकतो, कारण समोरच्याकडून तोच येतो. म्हणून सुरुवातीलाच जीनएक्सपर्ट किंवा ट्रूनॅट ही, जंतू औषधाला दाद देतो का ते सांगणारी तपासणी करून घ्या, नुसत्या एक्सरेवर गोळ्या सुरू करू नका.

पूर्वी दीड-दोन वर्षं उपचार, त्यात इंजेक्शनं. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांची ऐकण्याची शक्ती अशाच इंजेक्शनने गेली. पुढे त्यांनी रेझिस्टंट टीबीवरच्या बेडाक्विलिन या औषधाच्या पेटंटला मुदतवाढ मिळू नये म्हणून लढा दिला, आणि २०२३ मध्ये ती मुदतवाढ नाकारली गेली. आता सहा महिन्यांचा तोंडी गोळ्यांचा कोर्स भारतात मंजूर आहे.

मुक्काम_पोस्ट | बुधवार, रात्री १०.१०

बाप रे, केवढं लिहिलंत! सगळ्यांचे आभार. मेहुण्याला छातीठोक यांचा पहिला प्रतिसाद पाठवला, त्याने अंगठा दाखवला, म्हणजे वाचला नाही. सासूबाईंनी सगळा धागा वाचला. सुरंगीताईंच्या खिडकीवर येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "ही बाई खरं बोलतेय."

आता नेमकं विचारतो. समजा त्याच पट्ट्यात दुसरी इमारत बघितली. जाऊन बघायचं काय?

नकाशा_वेडा | बुधवार, रात्री १०.४५

भर दुपारी जा, एजंट संध्याकाळी बोलावेल. घरातले सगळे दिवे आणि पंखे बंद करायला सांगा. पेपर वाचता येतो का बघा. खिडकीतून वर मान करून आकाश दिसतं का ते बघा, समोरच्याचं स्वयंपाकघर नव्हे. दुसऱ्या बाजूला हवा बाहेर जायला वाट आहे का? नुसती एक खिडकी आणि समोर बंद दार असेल तर हवा हलत नाही. न्हाणीघराची झडप वेगळ्या शाफ्टमध्ये उघडते का, आणि तो शाफ्ट तुंबलाय का. त्याच इमारतीत वरचा मजला मिळाला तर तो घ्या. वाचलेल्या पैशात एक्झॉस्ट पंखा बसवा.

आकडेमोड | बुधवार, रात्री १०.५२

वरच्या मजल्याचा दर जास्त असतो, पैसे कुठले वाचतात?

सुरंगी | बुधवार, रात्री ११.००

बोळ बघा. मागच्या बाजूला जाऊन, चप्पल खराब झाली तरी चालेल. बोळ साफ असेल तर सोसायटी चालतेय असं समजा, मग लोक खिडक्याही उघड्या ठेवतात. देवनारच्या डंपिंगचा वारा कुठल्या महिन्यांत कुठे येतो ते खालच्या वाण्याला विचारा, एजंटला नको. ते १९२७ पासूनचं डंपिंग आहे, धुराचे दिवस असले की लोक आठवडा-आठवडा खिडकी उघडत नाहीत.

आणि शेजारी कुणाला टीबी आहे का हे विचारत फिरू नका. खरं सांगणार नाहीत, आणि ज्याचे उपचार चालू आहेत त्याच्या घराला उगाच बट्टा लागेल.

छातीठोक | बुधवार, रात्री ११.२०

लेकीसाठी: बीसीजी झालीय का ते कार्डावर बघा, वजन वाढीच्या रेषेवर आहे का बघा. घरात किंवा रोज सांभाळणाऱ्या माणसाला कधी फुप्फुसाचा टीबी निघाला तर तिला तपासून, आजार नसेल तर प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या, सरकारी केंद्रात फुकट मिळतात. हे मोठ्यांनाही लागू. बहुतेक घरांत पेशंट बरा झाला की विषय संपतो आणि घरातले बाकीचे तसेच राहतात.

आणि तुमचा तो लोकलचा रोजचा तीन तासांचा प्रवास वाचला, जेवण-झोप वेळेवर आली, तर तुम्हा दोघांच्या तब्येतीला तो फायदाच. डोंबिवली सोडू नका असं मी म्हणणार नाही. दुसरा मजला सोडा.

मुक्काम_पोस्ट | रविवार, संध्याकाळी ६.३०

अपडेट. तो फ्लॅट सोडला. दुपारी साडेबाराला गेलो, दिवे बंद करायला लावले, एजंट म्हणाला "साहेब, तुम्ही भूत बघायला आलात का?" त्याच रस्त्यावर पुढे एक जुनी कॉलनी आहे, चार मजली, मधे बऱ्यापैकी अंगण. तिथे चौथा मजला, लिफ्ट नाही, घर लहान. सासूबाई स्वतः चढून आल्या आणि आल्या-आल्या पंख्याचं बटण बंद करून खिडकीपाशी उभ्या राहिल्या. अजून नक्की नाही, मालक पाच लाखांवर अडलाय.

काडेपेटी | रविवार, संध्याकाळी ६.४१

चौथा मजला, लिफ्ट नाही. सासूबाईंचं येणं-जाणं आपोआप कमी. मानलं तुम्हाला.

निवांत_ठाणे | रविवार, रात्री ८.१५

धागा वर आला म्हणून विचारते. माझा भाऊ दिव्याला राहतो, एका गोडाऊनमध्ये नाइट शिफ्टला आहे. तीन आठवडे झाले खोकतोय, संध्याकाळी अंग गरम लागतं. एका दवाखान्यात दोनदा सिरप दिलं. वहिनी म्हणते धुळीचं आहे. थुंकी तपासायची तर कुठे आणि कशी द्यायची?

सुरंगी | रविवार, रात्री ८.३०

जवळच्या कुठल्याही सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात, पैसे लागत नाहीत. दोन आठवड्यांवर खोकला गेला की तपासायचंच. डबी तेच देतात. एक नमुना तिथेच घेतात, दुसरा सकाळचा. सकाळी उठल्यावर काही खायच्या आधी नुसत्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खाकरून काढायचं. तोंडातली लाळ नको, बेडका हवा. हे घरात नाही, गच्चीवर नाहीतर गॅलरीत. झाकण घट्ट लावून त्याच दिवशी नेऊन द्यायचं. सोबत एक्सरेही मागा. आणि नाइट शिफ्ट असेल तर त्याची "सकाळ" म्हणजे झोपून उठल्यानंतरची, घड्याळातली नव्हे.